आकाशांतलें गायरान

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या अभ्यासिकेंतील टेबल हलविण्याचा प्रसंग आला. माझा संगणक जुन्या घडणीचा, म्हणजे टेबलावर पडदा आणि टेबलाखालीं लोखंडी पेटी अशा थाटाचा आहे. इतके दिवस त्याला इंटरनेट मिळे तें दिवाणखान्यांतून भिंतीकडेनें ओढून आणलेल्या तारेनें. रंगकाम निघालें तेव्हां ती तार उपटली गेली, आणि मुलीनें ठरविलें कीं, आतां पुन्हां तार नको. बाबांचा संगणकही घरांतल्या वायफायवर घ्यावयाचा. तिनें बाजारांतून करंगळीच्या पेराएवढा एक तुकडा आणला, तो पेटीच्या मागें खोंचला, पडद्यावर उमटलेल्या नांवांच्या यादींतून आमच्या घरचें नांव निवडलें, परवलीचा शब्द घातला, आणि पांच मिनिटांत काम उरकलें.

त्याच दिवशीं टेबलाचा खण रिकामा करतांना माझ्या हातीं वडिलांचें एक जीर्ण पुस्तक लागलें. तें रेडिओच्या परवान्याचें होतें. दरवर्षीं पोस्टांत जावयाचें, फी भरावयाची, आणि पुस्तकांत तिकिटें चिकटवून त्यांवर शिक्का मारून घ्यावयाचा, हा परिपाठ वडिलांनीं किती निष्ठेनें पाळला होता हें पानोपानच्या शिक्क्यांवरून दिसत होतें. मुलीनें पुस्तक चाळलें आणि विचारलें, "बाबा, नुसता रेडिओ ऐकायला आजोबांना परवाना लागायचा? मग आपण तर आतां ऐकतों आणि बोलतोंही. आपल्याला कां लागत नाहीं?"

मी इतिहासाचा अध्यापक. प्रश्न भूतकाळाविषयींचा, म्हणजे माझ्याच प्रांतांतला. तरी त्याचें धड उत्तर मला त्या क्षणीं देतां आलें नाहीं. पुढें कांहीं दिवस वाचन केल्यावर जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं मुलीचें बोलणें अक्षरशः खरें होतें. वडिलांचा रेडिओ केवळ ऐकणारा होता. संगणकाला लावलेला हा तुकडा ऐकतो आणि बोलतोही; म्हणजे तें एक चिमुकलें प्रक्षेपणकेंद्रच आहे. त्याच्या लहरी सेकंदाला सुमारें २४० कोटी वेळां स्पंदन पावतात, आणि एका लहरीची लांबी सुमारें साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे वितीहूनही कमी असते. ब्रॉडबँडची तार दिवाणखान्यांतील राऊटरपाशीं संपते. तेथून पुढें ह्या खोलींतून त्या खोलींत होणारें सारें दळणवळण आकाशमार्गें चालतें. पन्नास वर्षांपूर्वीं असें यंत्र कोणीं विनापरवाना घरांत बाळगलें असतें तर तो गुन्हा ठरला असता. मधल्या काळांत विज्ञान पुढें गेलें, हें त्या बदलाचें अर्धेंच उत्तर झालें. उरलेलें अर्धें उत्तर हक्काच्या इतिहासांत आहे.

शब्द हा आकाशाचा गुण, असें आपले नैयायिक सांगत आले. परंतु तें आकाश कोणाच्या मालकीचें, हा प्रश्न त्यांना पडण्याचें कारण नव्हतें. हाइनरिख हर्ट्झ ह्यानें १८८७-८८ च्या सुमारास जर्मनींतील कार्ल्सरूह येथें विद्युल्लहरी प्रयोगानें सिद्ध करून दाखविल्या, तेव्हांही तो पडला नाहीं. १८९५ सालीं जगदीशचंद्र बोस ह्यांनीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें ह्या लहरी भिंतींतून पार धाडून पलीकडची घंटा वाजविली आणि दारूचा बार उडविला. बोस ह्यांच्या प्रयोगांतील लहरी पांच मिलिमीटरांपर्यंत आंखूड होत्या, म्हणजे आजच्या घरगुती वायफायच्या लहरींहूनही कितीतरी सूक्ष्म. आपल्या शोधांचें पेटंट घेण्याविषयीं त्यांना फारशी आस्था नव्हती, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. त्या पहिल्या दिवसांत आकाश सर्वांचें होतें, कारण त्याचा उपयोग अजून कोणालाच पुरतेपणीं कळला नव्हता.

उपयोग कळतांच मालक उभा राहिला. हिंदुस्थानांत १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यानें तारायंत्रें उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारनें स्वतःकडे घेतलाच होता. मार्कोनीच्या यंत्रांनीं समुद्रावरचीं जहाजें बोलूं लागलीं. १९१२ सालीं टायटॅनिक बुडाली, आणि त्याच वर्षीं अमेरिकेनें बिनतारी प्रक्षेपणास परवाना आवश्यक करणारा कायदा केला. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचें उद्घाटन झालें, आणि आपल्याकडील मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत रेडिओचा प्रवेश झाला. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यानें तर असें यंत्र परवान्यावांचून नुसतें जवळ बाळगणेंही गुन्हा ठरविलें. माझ्या वडिलांचें तें पुस्तक ह्या कायद्यांच्या कुळांतलें. ही पद्धत थेट ऐंशीच्या दशकापर्यंत टिकली.

ह्या बंदोबस्तामागें केवळ सत्तालोभ होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. एका माळावर शंभर माणसें एकदम ओरडूं लागलीं तर कोणाचेंच कोणाला ऐकूं येणार नाहीं. आकाशांतही तेंच होतें. बुडत्या जहाजाची हांक आणि विमानास दिला जाणारा इशारा ह्यांचा मार्ग मोकळा राहिलाच पाहिजे. पण रक्षणासाठीं घेतलेली किल्ली तोंड बंद करण्यासाठींही वापरतां येते. १९४२ च्या ऑगस्टमध्यें मुंबईंत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालू केला. पकडले जाऊं नये म्हणून यंत्र सतत जागा बदलीत असे. १२ नोव्हेंबरला पोलिसांनीं तें गांठलें, आणि चालविणाऱ्यांच्या वांट्यास तुरुंग आला. स्वदेशाच्या आकाशांत आपल्या देशाविषयीं बोलणें हा अपराध होता, ही आठवण आमच्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना विसरून चालणार नाहीं.

त्याच महिन्यांत, ११ ऑगस्ट १९४२ रोजीं, अमेरिकेंत एक पेटंट मंजूर झालें. तें मिळविणारीं माणसें दोन, आणि दोघेंही व्यवसायानें यंत्रविशारद नव्हेत: हेडी लामार ही चित्रपटांतील नटी, आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतरचनाकार. पाणतीरास दिलेल्या बिनतारी आज्ञा शत्रूला बिघडवितां येऊं नयेत म्हणून ती आज्ञा एकाच लहरीवर न ठेवतां ८८ लहरींवर उड्या मारीत पाठवावी, अशी त्यांची युक्ति होती. पियानोच्या पट्ट्याही ८८ च असतात. ह्याच स्त्रीनें वायफाय शोधून काढलें असें जें हल्लीं सर्रास सांगितलें जातें तें अतिशयोक्तीचें आहे. आपण आज वापरतों ती पद्धत निराळी. तथापि एकाच पट्टीवर ठाण मांडून न बसतां बोलणें विस्तृत पट्ट्यावर पसरावें, म्हणजे गोंगाटांतही तें तग धरतें, हा विचार तेथें होता, आणि पुढें तोच निर्णायक ठरला.

आतां गायरानाकडे वळूं. आपल्या गांवांतून गांवठाण, शेतजमीन ह्यांखेरीज एक तुकडा गुरांच्या चरण्यासाठीं सोडलेला असे. तेथें कोणाचा सातबारा नाहीं, कोणी भाडें घेत नाहीं; ज्याची गाय त्यानें आणावी. बहुधा ही जमीन मुरमाड किंवा खडकाळ असे, पिकाऊ नव्हे. म्हणूनच ती सर्वांसाठीं सुटत असे. आकाशांतील गायरानाची जन्मकथा अशीच आहे. १९४७ सालीं अटलांटिक सिटी येथें आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषद भरली. तींत लहरींच्या कांहीं पट्ट्या उद्योग, विज्ञान व वैद्यक ह्यांतील यंत्रांसाठीं वेगळ्या काढण्यांत आल्या. संदेश पाठविणें हा त्या यंत्रांचा हेतु नव्हता. तीं लहरींच्या साह्यानें पदार्थ तापवीत, आणि तापवितांना आजूबाजूच्या आकाशांत कल्लोळ माजवीत. आपल्या स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्हची भट्टी ह्याच जातीची; ती सुमारें २४५० मेगाहर्ट्झवर चालते. जेथें असल्या भट्ट्यांचा गोंगाट तेथें बोलण्यासाठीं जागा कोण मागणार? ही जमीन पडीक ठरली.

९ मे १९८५ रोजीं अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननें ह्या पडीक जमिनीविषयीं एक लहानसा दिसणारा निर्णय घेतला. कमिशनमधील मायकेल मार्कस ह्या अभियंत्यानें त्याचा पाठपुरावा केला होता. ९०२, २४०० आणि ५७२५ मेगाहर्ट्झपासून सुरू होणाऱ्या तीन पट्ट्यांत, शक्ति एका वॅटच्या आंत ठेवून आणि बोलणें पसरून, कोणासही परवान्यावांचून प्रक्षेपण करतां येईल असें ठरलें. अट अशी कीं परवानाधारकास उपद्रव द्यावयाचा नाहीं, आणि आपल्याला उपद्रव झाला तर तक्रार करावयाची नाहीं. गायरानावर गाय आणणाऱ्यानें दुसऱ्याची गाय आधीं आली म्हणून फिर्याद करूं नये, तसाच हा नियम होता. त्या वेळीं ह्यांतून काय निपजेल ह्याची नेमकी कल्पना कोणासच नव्हती.

पण जमीन मोकळी झाली एवढ्यानें भागत नाहीं. तेथें वागण्याची रीत लागते. ती रीत आधींच एका दूरच्या बेटावर आकार घेत होती. हवाई विद्यापीठाचे विभाग निरनिराळ्या बेटांवर विखुरलेले होते. १९७१ सालीं तेथील नॉर्मन अब्रॅम्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मध्यवर्ती संगणकाशीं बोलण्यासाठीं अलोहानेट ही बिनतारी योजना चालू केली. तिचा नियम अगदीं साधा: ज्याला बोलावयाचें त्यानें बोलावें; पोंच आली नाहीं तर दोघांचे शब्द आदळले असें समजावें, आणि कांहीं काळ थांबून पुन्हां बोलावें. मात्र प्रत्येकानें किती थांबावयाचें हें यदृच्छेवर सोडावें, म्हणजे दोघे पुन्हां एकदमच बोलणार नाहींत. गणित केल्यावर दिसलें कीं अशानें मार्गाचा जास्तींत जास्त १८ टक्क्यांच्या आसपास भाग कारणीं लागतो. पुढच्यांनीं त्यांत एक सभ्यतेचा नियम घातला: आधीं ऐकावें, कोणी बोलत नसेल तरच बोलावें. आमच्या घरांतला संगणक, मुलीचा फोन आणि शेजाऱ्यांचा दूरदर्शनसंच हे तिघे क्षणाक्षणाला हाच नियम पाळतात. त्यांना सांभाळणारा कोणी कोतवाल नाहीं.

दुसरी अडचण भिंतींची. विजापूरच्या गोल घुमटांत ज्यांनीं आवाज दिला आहे त्यांना ती चटकन् कळेल. तेथें एक शब्द उच्चारला कीं त्याचे पडसाद एकामागून एक येतात. भरभर बोलूं गेल्यास मागच्या शब्दाचा पडसाद पुढच्या शब्दावर येऊन पडतो आणि सगळाच गलका होतो. घरांतल्या भिंती, कपाटें, लोखंडी खिडक्या ह्यांवरून लहरी अशाच परततात. ऑस्ट्रेलियांतील सी. एस. आय. आर. ओ. ह्या सरकारी संशोधनसंस्थेंत जॉन ओसलिव्हन व त्यांचे सहकारी होते. ओसलिव्हन हे मूळचे रेडिओ-खगोलशास्त्री. फुटणाऱ्या सूक्ष्म कृष्णविवरांचे क्षीण संकेत शोधण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. त्या शोधांत हातीं आलेलें गणित त्यांनीं घरांतल्या पडसादांना लावलें. घुमटांत एकानेंच घाईनें बोलण्याऐवजीं अनेकांनीं निरनिराळ्या स्वरांत सावकाश बोलावें, प्रत्येकानें निरोपाचा थोडाथोडा भाग सांगावा, आणि ऐकणाऱ्यानें ते भाग जुळवावे, असें त्या उपायाचें स्थूल स्वरूप आहे. १९९६ च्या जानेवारींत त्याला अमेरिकेंत पेटंट मिळालें. ताऱ्यांकडे लावलेले कान शेवटीं माजघराच्या उपयोगीं पडले.

ह्या सर्व धाग्यांची वीण बसविण्याचें काम दुकानदारीनें केलें. हॉलंडमध्यें एन. सी. आर. ह्या गल्लायंत्रें करणाऱ्या कंपनीचे अभियंते होते. दुकानांतली मांडणी बदलली कीं गल्ल्याच्या तारा पुन्हां टाकाव्या लागत. तो खर्च वांचविण्यासाठीं त्यांनीं १९८५ च्या सवलतीचा आश्रय घेतला. पण प्रत्येक कंपनीचें यंत्र निराळी भाषा बोलूं लागलें तर उपयोग काय? म्हणून १९९० सालीं आय. ई. ई. ई. ह्या अभियंत्यांच्या संस्थेंत एक समिति नेमली गेली, आणि एन. सी. आर. चे व्हिक हेज हे तिचे अध्यक्ष झाले. सात वर्षें वादविवाद होऊन १९९७ सालीं पहिलें प्रमाण ठरलें. वेग सेकंदाला अवघा एक ते दोन मेगाबिट. १९९९ सालीं तो ११ वर गेला. त्याच वर्षीं 'वायफाय' हें नांव मुद्दाम बनवून घेण्यांत आलें, आणि ॲपल कंपनीनें हें तंत्र घरगुती गिऱ्हाइकापर्यंत नेलें. प्रमाण सर्वांना खुलें असल्यामुळें एका कारखान्याचा तुकडा दुसऱ्या कारखान्याच्या राऊटरशीं बोलूं शकतो. आमच्या मुलीचें काम पांच मिनिटांत झालें ह्याचें श्रेय त्या सात वर्षांच्या वादविवादाला आहे.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट आलें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमाच्या द्वारें आणि टेलिफोनच्या तारेवरून. २००४ च्या धोरणानें सेकंदाला २५६ किलोबिट ही ब्रॉडबँडची किमान मर्यादा ठरविली. परंतु आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें महत्त्वाची तारीख २८ जानेवारी २००५ ही होय. त्या दिवशींच्या नियमांनीं २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा अल्पशक्तीच्या यंत्रांसाठीं परवान्यांतून मुक्त केला. २०१८ सालीं ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे आणखी ६०५ मेगाहर्ट्झ त्यांत आले. मुलीच्या प्रश्नाचें थेट उत्तर हें. आजोबांच्या काळीं सारें आकाश सरकारी जमीन होती. आतां त्यांतला एक लहान तुकडा गायरान म्हणून सोडलेला आहे, आणि आमची गाय तेथें चरते.

कोणी म्हणेल, फुकटच्या कुरणाची नासाडी ठरलेलीच. १९६८ सालीं गॅरेट हार्डिन ह्यानें एका गाजलेल्या निबंधांत हेंच मांडलें होतें. उलट बाजूनें, एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या विदुषीनें १९९० सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, वापरणाऱ्यांनीं आपसांत नियम केले व पाळले तर सामाईक मालमत्ता पिढ्यान् पिढ्या टिकते. २००९ सालीं त्यांना अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. आमच्या इमारतींतला अनुभव दोघांच्या मधला आहे. पडद्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांचीं पंधरा-वीस नांवें दिसतात, आणि रात्रीं २.४ च्या पट्ट्यावर खरोखरच दाटी होते. शिवाय पहिल्या दिवशीं आमचा संगणक अडखळतच होता. तुकडा लोखंडी पेटीच्या मागें, भिंतीच्या कुशींत दडला होता, हें त्याचें कारण. हातभर जोडतार लावून तो टेबलावर उघड्यावर ठेवला आणि ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडला, तेव्हां तक्रार थांबली. तो पट्टा भिंतींपुढें लवकर थकतो, परंतु तेथें गर्दी कमी असते. गायरानांत कोणत्या वेळीं कोणत्या बाजूला चारा आहे हें गुराख्याला जसें ठाऊक असावें लागतें, तसेंच हें.

कुलुपाचीही गोष्ट आहे. जें उघड्या आकाशांत बोललें जातें तें शेजारीही ऐकूं शकतो. वायफायच्या पहिल्या प्रमाणांतील कुलूप कच्चें होतें. २००१ सालीं फ्लूरर, मँटिन आणि शमीर ह्या तिघांनीं त्याची चूक उघड केली, आणि २००३-०४ मध्यें अधिक मजबूत पद्धती आल्या. तेव्हां राऊटरवर कारखान्यांतून आलेला परवलीचा शब्द तसाच न ठेवतां तो बदलणें हें गृहस्थधर्माचें एक नवें कलम समजावें. परवाना गेला म्हणून जबाबदारी गेली नाहीं. पूर्वीं ती पोस्टाच्या शिक्क्यांत होती, आज ती आपल्या हातीं आली आहे.

हा इतिहास सांगण्याचें आजचें कारण असें कीं गायरानाची हद्द अजून ठरते आहे. २०२० सालीं अमेरिकेनें ६ गिगाहर्ट्झचा १२०० मेगाहर्ट्झ रुंदीचा सगळा पट्टा परवान्यावांचून खुला केला. भारत सरकारनें २०२५ च्या मेमध्यें त्यांतला खालचा ५०० मेगाहर्ट्झचा भाग खुला करणाऱ्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला; वरचा भाग मोबाईल कंपन्यांना हवा आहे. लहरींचा लिलाव किती किफायतशीर असतो हें २०१० सालीं दिसलें. थ्री-जीच्या लिलावांत सरकारला ६७ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम मिळाली. मोबाईलचें जाळें देशभर पसरावयाचें तर त्यालाही जागा पाहिजे, हें मान्य. पण गायरानाचा लिलाव होत नाहीं, म्हणून त्याचें उत्पन्न कोणत्याही खतावणींत दिसत नाहीं, आणि खतावणींत जें दिसत नाहीं तें निरुपयोगी समजण्याचा मोह राज्यकर्त्यांना नेहमींच होतो. गांवोगांवच्या गायरानांचें काय झालें हें आपण डोळ्यांनीं पाहिलें आहे. आकाशांतल्या गायरानाची मोजणी चालली असतां सुशिक्षित घरांनीं तें प्रकरण तज्ज्ञांचें म्हणून सोडून देऊं नये, एवढीच विनंती आहे.

रंगकाम आटोपल्यावर टेबल जागेवर गेलें. वडिलांचें पुस्तक मुलीनें पुन्हां खणांत ठेवूं दिलें नाहीं. तिनें तें कपडा फिरवून पुस्तकांच्या फळीवर ठेवलें आहे, आणि त्याच फळीच्या टोंकाला आमच्या राऊटरचा हिरवा दिवा आहे.